मेल जाऊन राहिला

काकू मेल पाठवत असल्या की कोणी आवाज करायचा नाही, असा त्या घराचा नियम होता. घरात माणसं दोनच. खाली त्या, वर मी भाडेकरू. खाली रेंज येत नव्हती म्हणून त्या गच्चीवर, माझ्या खोलीसमोर यायच्या. पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या राहायच्या आणि मोबाईल दोन्ही हातांनी छातीसमोर धरायच्या. मी आत मिक्सर लावला किंवा आईशी फोनवर बोलत बाहेर आले, तर मोबाईलवरची नजर न हलवता एक हात वर करायच्या.

"थांब व जरा. जाऊन राहिला."

आवाजानं मेल अडत नाही, हे मी एकदा सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, अडत नसंन, पण जाणाऱ्याले नीट जाऊ द्यावं.

मी तेव्हा भिलाईत, नेहरू नगरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होते. वर्ध्याहून नवीनच आले होते. दिवसभर हिंदीत शिकवून घसा बसायचा आणि संध्याकाळी बोलायला कोणी नसायचं. वैशाली नगरात खोली पाहायला गेले तर दारात काकू उभ्या. मी हिंदीत भाडं विचारलं. त्यांनी माझं कपाळ, बॅग, चपला, सगळं नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "मराठी हायेस न? मंग कावून हिंदी झाडून राहिली?" खोली तिथंच ठरली. भाड्याच्याही आधी त्यांनी विचारलं ते हे, की मला मोबाईलवरून मेल करता येतो का, फोटो लावून.

मला वाटलं, पेन्शनचं काही काम असेल. काकूंचे यजमान स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनला होते. रिटायर झाल्यावर सेक्टरमधलं प्लांटचं क्वार्टर सोडून त्यांनी हे घर बांधलं आणि थोड्याच वर्षांत गेले. मुलगा रायपूरला एका कंपनीत होता, एखाद्या रविवारी यायचा. पण पेन्शनचं काम नव्हतं. काकूंना रोज एक फोटो त्यांच्या धाकट्या बहिणीला पाठवायचा असे. बहीण नागपूरला होती, शाळेत शिक्षिका. तिचं नाव काकूंच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "नागपूरची," एवढंच म्हणायच्या. मोबाईलच्या दुकानातल्या माणसानं त्यांना एकदा मेल काढून दिला होता आणि कसा पाठवायचा तेही दाखवलं होतं. पण मध्येच काही भलतं दाबलं जाईल या धास्तीनं त्यांना जवळ कोणी तरी लागायचं. म्हणून मी.

फोटो कशाचे, तर कशाचेही. कडीपत्त्याचं झाड. पाटा. पाट्यावर वाटलेली जवसाची चटणी. दोरीवर वाळणारं पातळ. आईच्या वेळचा पाणी भरायचा तांब्याचा गुंड, चिंचेनं घासलेला आणि न घासलेला. माझ्या भाजीच्या पिशवीतून कोहळ्याची फोड डोकावताना दिसली की मला जिन्यातच थांबवून ती हातात धरायला लावायच्या. देवाचा फोटो कधी पाठवला नाही, सणाचाही नाही. म्हणायच्या, दिवाळी तिच्या घरी बी येते, हा कडीपत्ता येते काय?

मेलमध्ये त्या काही लिहायच्या नाहीत. वर विषयाच्या जागी फक्त वस्तूचं नाव. "पाटा." "आजची चटणी." "गुंड." एका बोटानं एकेक अक्षर शोधत लिहायच्या. कामानं बोटांची टोकं इतकी निबर झाली होती की काचेला ती कळायचीच नाहीत. मग बोट पदराला पुसायच्या, पुन्हा दाबायच्या आणि शेवटी वाकवून त्याच्या सांध्यानं टकटक करायच्या, दार वाजवल्यासारखं. खाली दोन ओळी लिहा ना, असं मी सुचवलं, तर म्हणाल्या, "लिहाले गेलं का भांडण येते. चटणीत कायचं भांडण?"

एका वेळी एकच फोटो. दोन गेले तर एक न पाहता राहून जातो, असं त्यांचं म्हणणं.

गल्लीत त्यांना फोटोवाली आंटी म्हणत. पोरं मुद्दाम समोर येऊन उभी राहत आणि आमचाही फोटो मौसीला पाठवा म्हणत. काकू त्यांच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. एकदा मात्र मोठी कटकट झाली. समोरच्या बाईंनी कोहळ्याच्या वड्या खाटेवर वाळत घातल्या होत्या. छत्तीसगडी घरातल्या त्या पांढऱ्याशुभ्र वड्या, ओळीनं मांडलेल्या. काकूंनी जाऊन फोटो काढला. दुसऱ्या दिवशी आभाळ आलं आणि वड्यांना बुरशी धरली. बाई नजर लागली म्हणून दारात आल्या. काकूंनी काही वाद घातला नाही. त्यांच्यासमोर मोबाईल काढला, फोटो पुसला, रिकामी जागा दाखवली. बाई समाधानानं गेल्या. दार लावून काकू मला म्हणाल्या, "पण तो त कालच गेला नागपूरले." एवढं एकदा मी त्यांना हसताना पाहिलं.

मेलच कशाला, व्हॉट्सॲप का नाही, हे विचारायला मला दोन-तीन महिने लागले. त्यांनी सरळ सांगितलं. बहिणीनं जुना नंबर बंद केला होता, आणि त्याआधीच व्हॉट्सॲपवर त्यांना ब्लॉक करून टाकलं होतं. हा मेलचा पत्ताही तिनं दिलेला नव्हता. भाच्याच्या लग्नपत्रिकेवर खाली छापलेला होता. पत्रिका दुसऱ्याच कोणाच्या घरी आलेली. काकूंना बोलावणं नव्हतं.

"आन् बरंच हाये," त्या म्हणाल्या. "तिकडं निळ्या खुणा येते. पाहिलं का नाही पाहिलं, मले कावून माहीत पडावं? मेल कसा, टाकला का गेला. पोस्टाच्या डब्यावानी."

उत्तर कधी आलं नव्हतं. मी येण्याच्या आधीपासून त्या पाठवत होत्या, आणि उत्तर आलं नव्हतं. नागपूर भिलाईपासून चार-पाच तासांवर आहे. सकाळची गाडी धरली तर दुपारी जेवायला तिथं.

एका दुपारी क्लासमधून लवकर आले तर काकू जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेल्या. केस विंचरून घट्ट बांधलेले. धुतलेलं पातळ. मोबाईल पदरात गुंडाळून मांडीवर धरलेला. मला बघून उठल्या नाहीत.

"तिचा आला," म्हणाल्या. "तू वाच. माह्याच्यानं नाही होत."

मी चपला न काढता त्यांच्या शेजारी बसले. मेल इंग्रजीत होता. मी तो वाचला आणि पुन्हा वाचला, म्हणजे तेवढा वेळ मिळावा. मग सांगितलं की हा तिनं लिहिलेला नाही. मशीन आपोआप पाठवतं. तिची मेलची पेटी भरली आहे, जागा नाही, म्हणून आपला फोटो परत आला.

"कायनं भरली?"

मी म्हटलं, मेलनीच. आपल्या, इतरांच्या, सगळ्यांच्या.

रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग म्हणाल्या, "भरली म्हंजे तिनं माहा एक बी फेकला नाही."

मी मान हलवली. दुसरी शक्यता मी बोलले नाही. पण काकू काही भोळ्या नव्हत्या. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, दोन पावलं गेल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "नाही त उघडलाच नसंन."

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला खाली जेवायला बोलावलं आणि आईची गोष्ट सांगितली. न विचारता.

त्यांचे वडील रेल्वेत होते. दोघी बहिणी डोंगरगडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढल्या. वडील गेल्यावर आई काही वर्षं एकटी राहिली आणि म्हातारपणी भिलाईला काकूंकडे आली. सेक्टरमधलं दोन खोल्यांचं क्वार्टर, त्यात मुलगा बारावीला. आईची खाट व्हरांड्यात टाकली होती. व्हरांड्याला जाळी होती, पडदा होता. पण धाकटी बहीण आईला भेटायला आली आणि चार नातेवाईक बसले असताना बोलून गेली की आईला कुत्र्यासारखं दारात ठेवलं. काकूंचे यजमान उठून बाहेर गेले. काकू तिथंच बसून राहिल्या. आई सगळं ऐकत होती.

पुढच्या उन्हाळ्यात आईचं सगळं संपत आलं. डॉक्टरांनी सांगितलं, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवा. काकूंनी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. बहीण आता येईल, खाट बघेल आणि पुन्हा चारचौघांत तेच बोलेल. आई बरी झाली तर उगाच बोलावणं होईल. उद्या पाहू, म्हणाल्या. उद्या पहाटे आई गेली. ऊन होतं, यजमानांनी घाई केली, दुपारच्या आत सगळं आटोपलं. मग संध्याकाळी काकूंनी नागपूरला फोन केला.

बहीण दुसऱ्या दिवशी आली. व्हरांड्यात रिकामी खाट उभी करून ठेवली होती, तिच्यासमोर उभी राहिली. ओरडली नाही. काकूंना म्हणाली, "आईचं तोंड बी नाही दाखवलं तू मले." पाणी न घेता परत गेली. नंतर दोघी कधी बोलल्या नाहीत.

"आता दाखवून राहिली मी," काकू म्हणाल्या आणि माझ्या ताटात भात वाढला. "जे हाये ते."

त्यानंतर कितीतरी दिवस फोटो परत येत राहिले. मी फोटो लहान करून पाठवायला शिकवलं, तरी परत. पावसाळा गेला. काकू रोज एकच फोटो पाठवायच्या, परत आला की तोच दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तो जाईपर्यंत नवा काढायच्या नाहीत. पुढच्याचं मागच्यावर कशाला ढकलायचं, म्हणायच्या.

नवरात्र आलं. रात्रंदिवस हायवेनं माणसं पायी डोंगरगडला देवीच्या दर्शनाला निघाली होती. काकू कधी नव्हे त्या रिक्षा करून हायवेपर्यंत गेल्या आणि नियम मोडून नवा फोटो काढून आणला. माणसांचा नव्हे, पायांचा. धुळीनं भरलेले, कोणाला फडकं बांधलेलं. विषय लिहिला, "आपल्या गावी चालले." दुपारी पाठवला. तो परत आला नाही. अंधार पडेपर्यंत त्या टाकीपाशी उभ्या होत्या आणि मीही माझ्या दारात.

"जागा केली तिनं," शेवटी म्हणाल्या. "काहीतरी काढलं."

मी हो म्हटलं.

"काढाले त पाहा लागते न व. न पाहता काय काढशीन?"

न पाहताही काढता येतात. सगळ्यांवर एकदम खूण करून एका बोटानं पुसता येतात. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी त्या दिवशी शिरा केला होता.

हिवाळ्यात त्यांचे पाय सुजायला लागले. जिना चढताना दम लागायचा, मग चढणंच बंद झालं. हृदय थकलं आहे, असं डॉक्टर म्हणाले. फोटो त्या पलंगावर पडून काढायच्या आणि मी मोबाईल वर गच्चीवर नेऊन पाठवायची. आता फोटोत औषधाची बाटली असायची, खिडकीचे गज असायचे. एकदा सलग आठवडाभर छताच्या पंख्याचेच फोटो आले. मी विचारलं, पंखा कशाला? त्या म्हणाल्या, "मले आता तेच दिसते."

मुलगा रायपूरला घेऊन जायला आला होता. त्या गेल्या नाहीत. त्यानं कामाला बाई ठेवली, फोन करत राहिला, आणि उन्हाळा लागल्यावर सुट्टी काढून येऊन राहिला. त्याच सुमारास एका सकाळी काकूंनी मला जवळ बसवलं. बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं.

"मी गेली का पहिले तिले टाकजो. बाकीच्याइले मंग. तोंडाचा फोटो घेजो. नाकात कापूस घालाच्या पहिले घेजो."

मी म्हटलं, असं काय बोलता?

"आईचं नाही दाखवलं मी. माहं तरी पाहू दे तिले."

मी हो म्हटलं. म्हणणं सोपं होतं.

त्या गेल्या ते सकाळी, उजाडल्यावर. मी क्लासला निघण्याच्या तयारीत होते, मुलानं खालून हाक मारली. गल्लीतल्या बाया जमल्या. कोहळ्याच्या वड्यांवाल्या बाई सगळ्यात आधी आल्या आणि त्यांनीच काकूंचे हात सरळ केले. मे महिना होता, बारा-एकच्या आत न्यायचं असं बोलणं सुरू झालं. मुलानं मौसीचा जुना नंबर लावून पाहिला, तो बंद होता. गोंदियाच्या एका नातेवाइकाला विचारलं, त्यांच्याकडेही नवा नव्हता.

मी काकूंचा मोबाईल घेऊन आले आणि उशाशी उभी राहिले. बाया कुजबुजल्या. मुलानं वळून पाहिलं.

"ताई, ये क्या कर रहे हो आप?"

मी त्याला काकूंचं बोलणं सांगितलं. त्याचा चेहरा कसनुसा झाला. तो आईजवळ बसला, तिच्या कपाळावरचे केस मागे केले, चादर हनुवटीच्या खाली ओढली आणि बाजूला सरकला.

"घ्या," म्हणाला.

मी फोटो घेतला. तो हलला म्हणून पुन्हा घेतला. गच्चीवर गेले. विषयाच्या जागी लिहिलं, "काकू गेल्या." खाली पहिल्यांदाच मजकूर लिहिला: मी वर राहणारी भाडेकरू, हा माझा नंबर, हा घराचा पत्ता, आम्ही संध्याकाळपर्यंत थांबतो, निघा. मेल गेला. परत आला नाही.

मुलानं सगळ्यांना सांगितलं, मौसीची वाट पाहायची आहे. बर्फाच्या लाद्या आणल्या. दुपारभर माणसं सावली शोधत दारात बसली, उठली, पुन्हा बसली. मी मोबाईल घेऊन गच्चीवर ये-जा करत राहिले. उत्तर आलं नाही, फोनही नाही. उन्हं कलल्यावर एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, बेटा, अब चलो. सूर्य मावळायच्या आत त्यांना नेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. मुलगा अस्थी घेऊन गेला होता, घरात मीच होते. एक बाई उभी होती, हातात एअरबॅग, केस सगळे पांढरे. काकूंपेक्षा उंच. हनुवटी तीच.

"मेल तुम्ही टाकला होता न?" तिनं विचारलं.

मी तिला आत घेतलं. पाणी दिलं, ते तिनं घेतलं. मग ती उठली आणि घरभर हिंडली. विचारत काही नव्हती. पाट्यापाशी थांबली. गुंडावर हात ठेवला. मागच्या अंगणात जाऊन कडीपत्त्याचं एक पान तोडलं आणि हुंगलं. ज्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथं ती माहेरी आल्यासारखी चालत होती. पलंगाच्या खोलीत शिरली आणि मान वर करून पंख्याकडे बघत उभी राहिली.

मग खुर्चीत बसून तिनं सांगितलं. रोज सकाळी चहा घेताना ती काकूंचा फोटो उघडायची. नंतर दिवसभर मेल बघत नसे. काकू गेल्या त्या सकाळीही उघडून पाहिलं होतं, काही आलं नव्हतं. ती शाळेच्या कामाला निघून गेली. दुसऱ्या दिवशी चहा गाळला, मेल उघडला, तर ते.

मी काही विचारलं नव्हतं. तीच बोलत राहिली.

"रोज वाटे, आज लिहीन. मग वाटे, तिनं एकदा स्वतःचं तोंड दाखवावं, मग लिहीन. रोज त्याच्यासाठीच उघडायची मी. सगळं दाखवलं तिनं. लोकांच्या वड्या दाखवल्या, वाटसरूंचे पाय दाखवले. स्वतःचा एक नाही टाकला. टाकला तर हा."

बाहेर कामाची बाई भांडी घासत होती, तो आवाज येत राहिला. ती रडली नाही. पदरानं चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढला. मग म्हणाली, "तुमच्याजवळ आहे काय एखादा? जिवंतपणीचा?"

मी माझ्या मोबाईलमध्ये शोधायला बसले. वर्गातल्या फळ्याचे फोटो, वर्ध्याचे फोटो, भाच्याचे. वाटलं, नसेलच. मग एक सापडला. माझ्या आईला दाखवायला म्हणून कधीतरी काढलेला, काकूंच्या नकळत. जिन्यात बसून पेरू खाताहेत. तोंडात फोड, गाल फुगलेला, उन्हानं एक डोळा मिटलेला.

तिनं मोबाईल हातात घेतला आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"दात एवढे गेले होते हिचे," म्हणाली.

मी म्हटलं, तुमचा नंबर द्या, व्हॉट्सॲपवर लगेच पाठवते.

"नाही. मेलवरच टाका. बाकीचे तिथंच आहेत. मध्यंतरी येणं बंद झालं, जागा नाही हे मला उशिरा कळलं, मग शाळेचे, बँकेचे सगळे काढून टाकले मी. हिचे आहेत."

मी गच्चीवर गेले आणि पाठवून आले. खाली उतरले तेव्हा ती एअरबॅग खांद्याला लावून फाटकापाशी उभी होती. संध्याकाळची गाडी दुर्गहून होती, तिनं ऑटो कुठं मिळेल ते विचारलं. मुलगा येईपर्यंत थांबा म्हटलं, तर तेराव्याला येईन म्हणाली. मी मेल पाठवल्याचं सांगितलं. रस्त्यावर गेल्यावर रेंज येईल, लगेच बघता येईल, असंही म्हटलं.

"नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी पाहीन. चहासोबत."